जुन्या पीसीला ४ पोर्टवालं यूएसबी ३.० कार्ड

पीसीच्या मागे सगळे हळू चालणारे यूएसबी २.० पोर्ट होते म्हणून मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारं हे पीसीआय एक्सप्रेस (पीसीआयई) कार्ड घेतलं, छोट्या एक्स१ स्लॉटमध्ये पटकन बसलं आणि विंडोज १० ने आपणहून ओळखलं, विंडोज ७ वाल्यांना मात्र ड्रायव्हर टाकावा लागतो हां. हार्डडिस्क मस्त पळते, फक्त चारही पोर्ट एकदम फुल स्पीडने चालतील असं धरून बसू नका, पीसीआयई २.० चा एक्स१ स्लॉट असला तरी सेकंदाला जास्तीत जास्त ५०० एमबी, तेही चौघांत वाटून, मदरबोर्ड त्याहून जुना असेल तर निम्मंच. सोबतचा स्क्रू भिकार, घट्ट करतानाच आटे गेले. एसएमपीएसची, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायची, सॅटा पॉवर वायर कार्डाला जोडाच, नाहीतर पोर्टेबल डिस्क नुसती टिकटिक करते. स्लिम कॅबिनेट असेल तर कार्ड कॅबिनेटला स्क्रूने बसवायची छोटी पट्टी मिळते का ते आधी विचारा.