माइनक्राफ्ट, दोन मुलं आणि दोन अकाउंट: सुट्टीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

आधीच सांगते, गेम कसा आहे याचा हा रिव्ह्यू नाहीये. माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळ्यांनी आपलं जग बांधायचा गेम, चांगलाच आहे, जगभर पोरं खेळतात, त्यात मी काय नवीन सांगणार. मला लिहायचंय ते त्यामागच्या भानगडीबद्दल, म्हणजे अकाउंट कोणाचं काढायचं, लायसन्स, म्हणजे विकत घेतलेला खेळायचा हक्क, कोणाच्या नावावर, दोन पोरांना एकात भागतं का. नाशिकला सातपूरच्या आमच्या ऑफिसमधल्या दोघीतिघींनी हेच विचारलं आणि प्रत्येकीला फोनवर तासभर समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

घरची परिस्थिती अशी, थोरली आठवीत, धाकटा चौथीत, एक लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप. उन्हाळ्याच्या सुट्टीत थोरलीसाठी गेम घेतला. विंडोजवर आता जावा आणि बेडरॉक ही दोन्ही एडिशन, म्हणजे याच गेमचे दोन वेगळे प्रकार, एकाच खरेदीत मिळतात, २०२२ पासून असंच आहे, त्यामुळे जावा घेऊ की बेडरॉक हा प्रश्न कॉम्प्युटरवाल्यांना उरलेला नाही. मोबाईल, टॅबवाल्यांचं प्रकरण वेगळं आहे, ते पुढे सांगते.

सुरुवातीला दोघं एकाच अकाउंटवर पाळीपाळीने खेळायचे, ती सकाळी आणि तो संध्याकाळी. पाळीपाळीने खेळायचं असेल तर एका लायसन्सवर घर चालतं, उगाच कोणी घाबरवू नका. गाडी अडते ती दोघांना एकाच वेळी एकाच जगात जायचं असतं तेव्हा. त्याच नावाचा प्लेअर एका जगात दोनदा घुसू शकत नाही, दोन मशीन असू देत नाहीतर चार. आणि भावंडं म्हटलं की एकत्रच खेळायचं असतं ना, एकटं एकटं खेळायला कोण मागतं. जून उजाडेपर्यंत घरात रोजचा तमाशा, म्हणून दुसरं लायसन्स घेतलं.

आता इथे मुद्द्याची गोष्ट. लायसन्स हे मशीनला नसतं, घरालाही नसतं, ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर घेतलं त्या अकाउंटला चिकटतं. गॅसच्या बुकासारखं, ज्याचं नाव त्याचं कनेक्शन. फरक एवढाच की गॅसचं नाव अर्ज करून बदलता येतं, हे बदलत नाही. एका अकाउंटवरचा गेम काढून दुसऱ्यावर टाकता येत नाही. म्हणून आईबाबांच्या अकाउंटवर घेऊन ठेवू, मोठे झाले की देऊ, असं डोक्यात असेल तर ते सोडा. ज्या पोराने खेळायचंय त्याचंच अकाउंट आधी काढा, मग त्यावर खरेदी करा. गिफ्ट कोड घेतलात तरी तेच, ब्राउझरमध्ये त्या क्षणी जे अकाउंट लॉगिन असेल त्यावर कोड बसतो, त्यामुळे बटण दाबायच्या आधी वरच्या कोपऱ्यात कोणाचं नाव दिसतंय ते बघा, आणि बहुतेक घरांत ते बाबांचं अकाउंट असतं.

स्वस्तातल्या वाटा पण भेटतात. लॅपटॉप रिपेअरला दिला तेव्हा इकडच्या एका दुकानदाराने मला हसत सांगितलं, ताई कशाला पैसे घालवता, मी टाकून देतो, फुकट चालतं. क्रॅक म्हणजे, पैसे न भरता चालणारी चोरीची कॉपी. बरोबर काय काय येईल कॉम्प्युटरमध्ये देव जाणे, मी नको म्हटलं. दुसरा प्रकार म्हणजे जुनी अकाउंट विकणारे. यात एक माहिती असू द्या, पूर्वी मोजांग नावाच्या मूळ स्वीडिश कंपनीची वेगळी अकाउंट असायची, मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये मोजांग घेतली आणि नंतर सगळ्यांना मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर यायला सांगितलं, ती मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. त्यामुळे न हलवलेलं जुनं मोजांग अकाउंट आज कोणी विकत असेल तर त्यात खेळायला काहीच मिळत नाही.

अकाउंट काढताना जन्मतारीख खरी टाका. मला माहितीये, सगळे १९९० टाकतात म्हणजे कटकट नको. पण खरी टाकली की ते मुलाचं अकाउंट म्हणून धरलं जातं, पालकांची संमती मागतं, आणि मग ते तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली ग्रुपमध्ये घेता येतं. एका ग्रुपमध्ये सहा जण बसतात, आमचे चौघे आरामात. मग वेळेची मर्यादा, खरेदीला आधी पालकांची परवानगी, आठवड्याचा रिपोर्ट, सगळं माझ्या फोनवर. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय, तेव्हा वय लपवून फायदा काही नाही, पुढे कधीतरी अडचणच व्हायची.

फक्त यात एक जागा आहे जिथे अख्खा महाराष्ट्र अडकतो असं मला वाटायला लागलंय. मुलाच्या अकाउंटवर ऑनलाइन खेळाची परवानगी बंद असू शकते. म्हणजे काय होतं, तुम्ही पैसे भरले, गेम उतरला, पोरगं बसलं, एकट्याचं जग चालतंय, आणि मल्टिप्लेअरचं, म्हणजे इतरांबरोबर खेळायचं, बटण नुसतं राखाडी, दाबलंच जात नाही. घरच्या घरी वायफायवर बहिणीच्या जगात जायचं तरी वाट त्याच बटणातून आहे. लोक मग गेम काढून परत टाकतात, राउटर बदलतात, केबलवाल्याला बोलावतात. तसलं काही करायचं नाही. पालकाच्या अकाउंटने एक्सबॉक्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम मशीनच्या, प्रायव्हसी सेटिंगमध्ये जायचं, हो, घरात एक्सबॉक्स नसला तरी तिथेच, मुलाचं नाव निवडायचं, मल्टिप्लेअर गेममध्ये जायची परवानगी चालू करायची आणि लाँचरमधून, म्हणजे गेम जिथून सुरू होतो तिथून, बाहेर पडून परत लॉगिन करायचं. अनोळखी लोकांशी बोलणं, मेसेज, मित्र जोडणं याच्या परवानग्या वेगळ्या आहेत, त्या मी बंदच ठेवल्यात. खेळायला चालू आणि गप्पांना बंद, असं होतं, हे मला फार आवडलं.

विंडोजचं लॉगिन पण दोघांना वेगळं केलं आणि तिथे धाकट्याने भोकाड पसरलं, माझं जग गेलं म्हणून. गेलं वगैरे काही नव्हतं. जावाची जगं त्या त्या विंडोज युजरच्या फोल्डरमध्ये राहतात, डॉट माइनक्राफ्ट नावाचं फोल्डर, त्यात सेव्हज. नवीन युजर म्हणजे नवीन रिकामं फोल्डर. सेव्हजमधलं जग उचलून त्याच्या फोल्डरमध्ये टाकलं की झालं. जाता जाता एक कॉपी पेनड्राइव्हवर पण टाकून ठेवा, पोरांचं महिनोन्महिन्यांचं काम असतं त्यात.

यानंतरची गोष्ट मला कुठल्याच माहितीत सापडली नव्हती म्हणून जरा सविस्तर सांगते. दोघांचं एक मोठं जग आहे, जावावरचं. थोरलीने त्यात पंचवटीतलं काळाराम मंदिर बांधायला घेतलंय, आपलं मंदिर काळ्या पाषाणाचं आणि गेममध्ये ब्लॅकस्टोन आहेच, त्यामुळे रंग बरोबर जमलाय, शिखरापाशी मात्र घोडं अडलंय. हे जग जेव्हा एकाच अकाउंटवर होतं तेव्हा धाकट्याने त्यात एक लांडगा पाळला होता, हाडं खाऊ घालून, नाव ठेवलं शेरू. आता नवीन अकाउंटने तो पहिल्यांदा त्या जगात आला, हातात काही नाही, कपडे नाहीत, पळत पळत शेरूकडे गेला, क्लिक केलं बस म्हणून, शेरू बसेना. परत क्लिक, ढिम्म. आणि ताई चालायला लागली की शेरू तिच्या मागे मागे. पोराचा चेहरा बघवेना. "मम्मी, तो मला ओळखतच नाही!"

गेमच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे. पाळीव जनावर ज्या अकाउंटने पाळलं त्याचीच खूण त्याच्यावर असते, आणि शेरूला पाळताना अकाउंट ताईचं होतं, बोटं धाकट्याची असली तरी. एंडर चेस्टचं पण तसंच, ती पेटी प्रत्येक प्लेअरला स्वतःचीच दिसते, त्याने उघडली तर रिकामी आणि ताईने उघडली तर त्याचे सगळे हिरे तिच्यात. झोपायच्या पलंगाची जागा पण परत ठरवावी लागते. हिऱ्यांचं सोपं होतं, ताईने काढून साध्या पेटीत ठेवले, मोजून बरं का, समोर उभा राहून मोजून घेतले त्याने. शेरूसाठी थोरलीने लॅन, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून एकाचं जग दुसऱ्याला उघडणं, चालू करताना कमांडची परवानगी दिली आणि कुठूनतरी एक लांबलचक कमांड शोधून टाइप केली, त्याने लांडग्याचा मालक बदलतो. दोनदा एरर, मग बसला शेरू. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण आठवीतली पोरगी हे करते म्हटल्यावर लायसन्सचे पैसे तिथेच वसूल झाले असं मी ह्यांना सांगून टाकलं. तर तुमच्याकडे एका अकाउंटवर दोघांचं एक जग चालू असेल आणि दुसरं लायसन्स घ्यायचं मनात असेल, तर जग फार वाढायच्या आत घ्या, पाळीव जनावरं कमी असताना.

लॅनबद्दल एवढंच की दोन्ही मशीनवर व्हर्जन एकच लागतं आणि ज्याने जग उघडलंय त्याचं मशीन बंद पडलं की दुसरा पण बाहेर. पावसाळ्यात आमच्या इंदिरानगरला लाइट ये-जा करते, त्यामुळे जग नेहमी लॅपटॉपवर उघडायचं, डेस्कटॉपवर नाही, हा नियम केलाय. अर्थात राउटर गेला की तेही संपलं, पण निदान जग नीट सेव्ह होऊन बंद होतं.

गेम पासमधून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पैसे भरून बरेच गेम खेळायच्या मेंबरशिपमधून, घ्यावं का असं एकीने विचारलं होतं. पीसी गेम पासमध्ये दोन्ही एडिशन आहेत, पण मेंबरशिप संपली की खेळणं थांबतं, जग डिस्कवर पडून राहतं आणि उघडायला परत पैसे. महिनाभर बघायचंय पोरगं रमतंय का, तर ठीक. वर्षानुवर्षं खेळणारं पोर असेल तर सरळ विकत घ्या.

आता टॅबवाले. नाशिकरोडला माझी बहीण राहते, भाच्याकडे अँड्रॉइड टॅब. त्याच्यावर गेम घेतलाय भाऊजींच्या गूगल अकाउंटवरून, आणि आत लॉगिन भाच्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटचं. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत हे भाऊजींना पटायला वेळ लागला. गेमची मालकी गूगलकडे, पोराचं नाव, मित्र, मार्केटप्लेसमधून, म्हणजे गेममधल्या दुकानातून, घेतलेल्या वस्तू मायक्रोसॉफ्टकडे. त्या वस्तू दुसऱ्या मशीनवरच्या बेडरॉकमध्येही दिसतात, पण गेम दिसत नाही, टॅबवर घेतला म्हणून लॅपटॉपवर फुकट मिळत नाही, तिथे वेगळी खरेदी. आणि टॅबवर बेडरॉकच असतं, जावाशी त्याचं जुळत नाही. म्हणून तिघांना एकत्र खेळायचं असलं की आमची दोघं जावा बंद करून बेडरॉक उघडतात आणि तिथलं जग वेगळं.

पैसे वसूल का, तर आमच्यापुरतं हो. दोन लायसन्स म्हणजे खर्च डबल, घरासाठी काहीतरी सवलत असायला हवी होती असं मला अजूनही वाटतं, तीन पोरं असलेल्या घराने काय करायचं. पण भांडणं कमी झाली, प्रत्येकाचा वेळ वेगळा दिसतो, एकाच्या अभ्यासासाठी दुसऱ्याचा खेळ बंद करावा लागत नाही.

रिअल्म, म्हणजे आपापल्या घरून एकत्र खेळता येईल असं भाड्याचं ऑनलाइन जग, मात्र मी घेतलेलं नाही. भाऊजी मागे लागलेत, म्हणजे भाचा घरबसल्या आमच्या दोघांबरोबर खेळेल. त्यात एकाने दर महिन्याला भरायचं, बोलावलेल्यांना रिअल्मचे पैसे नाहीत, पण गेम प्रत्येकाकडे स्वतःचा लागतोच. शिवाय जावाचं रिअल्म वेगळं आणि बेडरॉकचं वेगळं. टॅबसाठी बेडरॉकचंच घ्यावं लागणार आणि काळाराम मंदिर आहे जावामध्ये, ते सोडून थोरली यायला तयार नाही. धाकटा म्हणतो शेरू येणार नसेल तर मी पण नाही. त्यामुळे सध्या भाचा रविवारी टॅब आणि चार्जर घेऊन आमच्याकडेच येतो.