ट्यूबलेस टायर, सात महिन्यांनंतर: टायर उत्तम, व्हॉल्व्हचा गाभा छळतो

मागच्या रविवारी सुप्याच्या अलीकडे माळावर सायकलचं मागचं चाक मऊ लागायला लागलं. काटा शोधला, कुठेच नाही. पंप लावला तर दांडा दगडासारखा घट्ट, हवा आतच जाईना. टायरला एकही भोक नव्हतं. व्हॉल्व्हच्या गाभ्यात, म्हणजे त्यातल्या फिरवून काढता येणाऱ्या आतल्या भागात, सीलंट (भोकं आपोआप बुजवायला टायरमध्ये ओततात तो पांढरा द्रव) वाळून बसलं होतं आणि त्या अडीच-तीन सेंटिमीटरच्या पितळी तुकड्यापायी मी आणि मामेभाऊ सव्वा तास उन्हात बसलो. शेवटी ट्यूब घालून परतलो. स्पेनमधल्या सायकल सफरीसाठी ग्रानाडाचं विमान सहा आठवड्यांवर असताना हे झालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ट्यूबलेसचे फायदे तुम्हाला ठाऊक आहेत, ते उगाळत नाही. २९ इंची चाकं, २.२५ इंच रुंदीचे टायर, हवेचा दाब सामानासकट मागे २४ आणि पुढे २२ पीएसआय. जुलैपासून सासवड, जेजुरी, सुपे या भागात साधारण २६०० किलोमीटर झाले. बाभळीचे काटे आणि सराटे किती टोचले याची गणती नाही. एकदा मागच्या टायरमधून ओळीने चार सराटे उपटले. चारही भोकांतून पांढरे थेंब आले, चाक दोनदा फिरवलं, बंद. दिवाळीपर्यंत मी भेटेल त्याला ट्यूबलेस घ्यायला सांगत होतो.

आम्ही जातोय तो भाग स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यातला. ग्रानाडाहून ग्वादिस, गोराफेच्या घळी, बासा, तिथून दक्षिणेला ताबेर्नासचं वाळवंट आणि काबो दे गाताचा समुद्रकिनारा. जवळजवळ सगळा कच्चा रस्ता, १६ दिवस. मार्च मुद्दाम निवडलाय, उन्हाळ्यात तिथलं ऊन सोसवणारं नाही. सिएरा नेवादावर तेव्हा बर्फ असतो, त्यामुळे तिथल्या वेलेता शिखराचा चढ यादीतून काढला. ग्वादिस ९०० मीटरच्या वर आहे, रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. आणि पाऊस झाला तर गोराफेची चिकणमाती आपल्या काळ्या रानासारखी चाकाला धरते, म्हणून २.४ इंची रुंद टायरचा मोह सोडला. फ्रेम आणि टायरमध्ये बोटभर जागा हवीच. सराटेसुद्धा तिथे आहेत, अगदी हीच वनस्पती. स्पॅनिशमध्ये आब्रोखो म्हणतात. हे कळल्यावर ट्यूबवर जाण्याचा विचार सोडून दिला.

आता गाभा. ज्या दुकानातून टायर बसवून घेतले तिथे गेलो. म्हणे, गाभा सुटा मिळत नाही, व्हॉल्व्हची जोडीच घ्या, १४०० रुपये. मी म्हटलं, अहो, व्हॉल्व्ह चांगला आहे, आतला गाभा तेवढा तुंबलाय. तर ‘आम्ही जोडीच ठेवतो’. वर सीलंट दर तीन महिन्यांनी बदलायचं असतं हे त्या दिवशी सांगितलं. जुलैत सांगायला काय झालं होतं? १४०० रुपये मी दिले नाहीत.

घरी गाभा काढला. आत फणसाच्या चिकासारखा पिवळट, चिवट थर होता. हाताला खोबरेल लावलं आणि सेफ्टी पिनने ओढत बसलो. लांबच लांब तार निघाली, अर्ध्या तासाने आरपार उजेड दिसला. टायरला मात्र तेल लागू देऊ नका, रबर खराब होतं. मग जुन्या फाटक्या ट्यूबांचा गठ्ठा उपसला. ज्या व्हॉल्व्हच्या टोकाजवळ पान्यासाठी दोन सपाट कडा असतात, त्याचा गाभा निघतो आणि प्रेस्टाचा (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हचा प्रकार) असेल तर इथेही बसतो. पाच सापडले. फुकट.

इथवर मी सगळा दोष सीलंटला देत होतो. टायर उघडल्यावर मत बदललं. सायकल गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये असते, तिथे दुपारी भट्टी असते. सीलंट लवकर वाळणारच. शिवाय मी कायम व्हॉल्व्ह तळाशी आणून हवा भरायचो, म्हणजे सगळं सीलंट गाभ्याच्या तोंडाशीच. आता व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी ठेवतो, मिनिटभर थांबतो, मगच पंप. सायकल घरात आणली आहे, आईची कुरकुर चालू आहे.

टायरवर अजूनही पूर्ण समाधानी आहे, झीज फार कमी. पण टायर एवढे टिकाऊ बनवणाऱ्या कंपन्यांनी डब्यात दोन सुटे गाभे द्यायला काय हरकत आहे, हे मला खरोखर कळत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा काढला, व्हिसा झाला, आंदालुसियात उघड्यावर तंबू ठोकायला बंदी म्हणून मुक्काम ठरवून झाले. एवढं सगळं करून माणूस ताबेर्नासच्या घळीत पितळेच्या तुकड्यासाठी अडला तर?

निघायच्या आठवड्यात दोन्ही चाकांत नवीन सीलंट, प्रत्येकी १०० मिली. झटपट हवा भरायच्या सीओटूच्या नळकांड्या विमानात न्यायच्या भानगडीत पडत नाही, हातपंपच. पाच गाभे होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरलेत, तीन माझ्याकडे, दोन मामेभावाकडे. पान्याला दोरा बांधून तो पंपालाच अडकवलाय.