व्हायकिंग जहाजाचं लाकडी किट (1:50): फळ्या झकास, ढाली निम्म्याच

पुण्यात हॉबीच्या दुकानात मिळणारं हे किट नॉर्वेतल्या गोकस्टाड जहाजाचं आहे. मूळ जहाज इ.स. 890 च्या सुमाराचं, 1880 साली उकरून काढलेलं, 23 मीटरहून थोडं लांब. मॉडेल साडेशेचाळीस सेंमी भरतं, म्हणजे माप चोख.

कौतुक करावं ते फळ्यांचं. दोन्ही बाजूंना 16-16 पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीची खालची कड आधीच्या पट्टीवर बाहेरून चढते. व्हायकिंगांच्या धाडींचं मर्म याच बांधणीत आहे. मूळ फळ्या बहुतेक ठिकाणी जेमतेम अडीच सेंमी जाड, लोखंडी रिवेटनी जोडलेल्या. त्यामुळे असं जहाज हलकं, लाटेबरोबर लवणारं आणि उथळ पाण्यातही चालणारं. 845 मध्ये ते सीन नदीतून थेट पॅरिसला भिडले ते यामुळेच. खाडीत शिरणारी आपली गलबतं आठवा.

पट्ट्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, चिमट्यांनी सांगाड्यावर वाकवून रात्रभर वाळू द्या आणि मगच फेविकॉल लावा. ओल्याच चिकटवल्या तर वाळताना आकसतात, फटी पडतात. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत एक रात्र पुरत नाही, दोन धरा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असंच चढवत जा. एक बाजू आधी संपवली की कणा पिळवटतो. 6 मिमीची पट्टी दोन्ही टोकांना 3 मिमीपर्यंत निमुळती तासावी लागते. माहितीपत्रकात याचा उल्लेखच नाही, ही मोठी चूक. न तासता लावल्या तर टोकाला 16 पट्ट्या मावत नाहीत, आणि वल्ह्यांची भोकं खालून 14 व्या पट्टीत असल्यामुळे पुढचं सगळंच चुकतं.

ढाली 32 दिल्या आहेत. गोकस्टाडला एकेका बाजूलाच 32 होत्या, एकीवर एक सरकवलेल्या, एक काळी एक पिवळी. उरलेल्या 32 पातळ प्लायमधून 18 मिमी व्यासाच्या कापा. किटमधला लाल रंग वापरू नका. शिंगांच्या शिरस्त्राणांचे सैनिक खोक्यातच राहू द्या, व्हायकिंग तशी शिरस्त्राणं घालत नसत. सुकाणूचं वल्हं चित्रात डावीकडे दाखवलंय, ते मागच्या टोकाशी उजवीकडेच बसवा.