गोव्यातले शेवटचे दोन दिवस आणि ‘लकी’ जोडपी

सहलीच्या पहिल्या दिवशी रस्त्यावर कुणी ‘सर, मॅडम, एक मिनिट’ म्हणालं, तर माणूस मान हलवून पुढे जातो. पाचव्या दिवशी थांबतो. समुद्र बघून झालेला असतो, नाक उन्हाने सोललेलं असतं आणि दुपारचं काय करायचं हा प्रश्न पडलेला असतो. कळंगुट, बागा, कांदोळीच्या रस्त्यांवर स्क्रॅच कार्डं घेऊन फिरणाऱ्या पोरांना हे नुसतं बघून कळतं. ही पोरं टाइमशेअर विकणाऱ्यांसाठी गिऱ्हाईक गोळा करतात. टाइमशेअर म्हणजे एकदाच मोठी रक्कम भरून दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याची मेंबरशिप. गिऱ्हाईक परवा विमानात बसलं की तक्रार करायला परत येत नाही, हेच या धंद्याचं भांडवल. पूर्वी चार्टर विमानांनी येणारे ब्रिटिश यांचं आवडतं सावज होते. आता पुणे, मुंबई, कोल्हापूरची जोडपीही तितकीच चालतात.

सुरुवात गप्पांनी होते. लग्नाला किती वर्षं झाली, नोकरी कुठे, क्रेडिट कार्ड आहे का, परत कधी जाणार. या गप्पा नव्हेत, ही चाळणी आहे. एकटा माणूस किंवा कॉलेजची पोरं त्यांना नकोच असतात. सही करताना ‘घरी विचारतो’ अशी पळवाट राहू नये म्हणून नवरा-बायको दोघंही लागतात. मग दोन कार्डं पुढे येतात. एकावर टी-शर्ट निघतो, दुसऱ्यावर ‘सात दिवसांचा मोफत मुक्काम’, आणि पोरगा तुमच्यापेक्षा जास्त नाचतो. त्याचा आनंद मात्र खरा असतो, कारण पोचवलेल्या जोडप्यामागे त्याला पैसे मिळतात. बक्षीस घ्यायला फक्त दीड तासाचं प्रेझेंटेशन, टॅक्सी फुकट. जाण्याची फुकट, येण्याचं आधी विचारून घ्या.

दीड तासाचे चार तास होतात. हॉलमध्ये गाणी मोठ्याने लावलेली, तुमच्या टेबलावर नेमका मराठी बोलणारा विक्रेता, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला पाच मिनिटंही एकटं सोडत नाहीत. मग तो कागदावर गणित मांडतो: सुट्टीवर वर्षाला साठ हजार, वीस वर्षांचे बारा लाख, आमचं मात्र एकदाच साडेचार लाख. या गणितात वार्षिक देखभाल शुल्क नसतं. समजा ते 15 हजारांपासून सुरू झालं आणि दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढलं, तर वीस वर्षांत साडेआठ लाखांवर जातं. प्रवास आणि जेवण वेगळंच. दुसऱ्या गावचा रिसॉर्ट हवा तर अदलाबदलीचं शुल्क वेगळं, आणि दिवाळी-नाताळची तारीख मागितली की करारातला ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द पुढे केला जातो.

तुम्ही नको म्हणालात की ‘मॅनेजर’ येतो. साडेचारचे पावणेतीन होतात, पावणेतीनचे एक लाख नव्वद हजार, पण फक्त आज. उद्या का नाही? कारण रात्री खोलीवर जाऊन तुम्ही मोबाइलवर शोधाल. शेवटी ‘आत्ता वीस हजार स्वाइप करा, बाकी ईएमआय’. ही वीस हजारांची रक्कम परत मिळणार नाही, असं बारीक अक्षरात छापलेलं असतं.

टाइमशेअर म्हणजे सगळीच लबाडी, असं नाही. पारख करायला एक वाक्य पुरतं: ‘कोरा करारनामा द्या, वाचून उद्या सही करतो.’ नाही म्हणाले तर उठा. फुकट मुक्कामाच्या व्हाउचरचा मोह असेल तर त्याच्या मागची बाजू तिथेच वाचा. बहुतेकदा ‘युटिलिटी चार्जेस’ (वीज-पाणी वगैरेचे पैसे) आणि बऱ्याच आधी बुकिंगची अट असते.

सही झालीच असेल तर विमानात बसायच्या आधी रद्द करत असल्याचा ईमेल पाठवा, आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही. फोनवरची आश्वासनं कामाची नाहीत. ईएमआय थांबवण्यासाठी आणि व्यवहारावर हरकत नोंदवण्यासाठी बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. खटल्यासाठी गोव्याला फेऱ्या माराव्या लागतील, या भीतीने बरेच जण गप्प बसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. हेल्पलाइन 1915. आणि काही महिन्यांनी ‘तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक आहे, फक्त जीएसटी भरा’ असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. तो त्याच जखमेवरचा दुसरा घाव.

भाड्याच्या स्कूटरचा खेळही परतीच्या पहाटेच होतो. मालक टॉर्च घेऊन मडगार्डखाली वाकतो, जुना ओरखडा दाखवतो आणि डिपॉझिट ठेवून घेतो. वर ‘गाडी गॅरेजला उभी राहील तेवढ्या दिवसांचं भाडं’ असं कलमही निघतं. खाली टॅक्सी थांबलेली, वाद घालणार कोण? गाडी घेतानाच मालकासमोर सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा: मडगार्ड, आरसे, सायलेन्सरचं कव्हर, खालचं पॅनेल, किलोमीटर, पेट्रोलचा काटा. आधार किंवा लायसन्स मूळ देऊ नका, झेरॉक्स द्या. भाड्याच्या परवान्याची दुचाकी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळाली तरी पोलिसांनी अडवल्यावर आणि अपघातात विम्याच्या वेळी महागात पडते. आणि परत करायची ती आदल्या संध्याकाळी, उजेडात.

राहिले काजू. टॅक्सीवाला ‘ओळखीच्या’ दुकानात नेतो तिथे त्याचं कमिशन तुमच्या बिलात असतं. पाकिटावरचा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, साधारण किती गर बसतात ते. आकडा जितका लहान तितका काजू मोठा. पाव किलोत 180 नंबरचे शंभरच्या आत, 240 चे एकशेतीसच्या आसपास, 320 चे एकशेसत्तर-पंचाहत्तर. 180 चा भाव लावून 320 देणं सर्रास चालतं. डबा सोडून वजन करायला सांगा, आणि डब्याच्या तळाशी तुकडा भरलेला नाही ना, ते बोट घालून बघा.