शीळ घालणारा बाप : 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी व्हॉल्यूम २'

मे २०१७ मध्ये जिकडे तिकडे 'बाहुबली २' चालू होता. त्यातून या सिनेमाचा रात्रीचा एक खेळ कसाबसा मिळाला आणि मी अंतराळातली मारामारी बघायला म्हणून गेलो. परवा पुतण्याला घेऊन घरी पुन्हा पाहिला. पोराला जन्म दिला कोणी आणि वाढवलं कोणी, एवढ्या प्रश्नावर हे सव्वादोन तास उभे आहेत. शेवट सांगितल्याशिवाय यावर बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी बघून यावं.

दिग्दर्शक जेम्स गन आपला इरादा पहिल्या पाच मिनिटांतच उघड करतो. नायक पीटर क्विलच्या टोळीतले सगळे एका अक्राळविक्राळ प्राण्याशी झुंजताहेत आणि कॅमेरा मात्र वीतभर उंचीच्या, चालत्याबोलत्या झाडाच्या पोराच्या, बेबी ग्रूटच्या मागे मागे फिरतोय. 'मिस्टर ब्लू स्काय' लागलंय, ग्रूट नाचतोय, मागे कोण आपटलं, कोण उडालं ते धूसर दिसतंय. लढता लढता गमोरा त्याला दूर हो म्हणून ओरडते, तो हात हलवतो, तर तिलाही हात हलवावा लागतो. त्याने तोंडात घातलेला किडा रॉकेट, म्हणजे टोळीतला बोलणारा रॅकून, थुंकायला लावतो. रांगतं मूल असलेल्या घरात स्वयंपाक करताना जे चालतं, तेच.

गोष्ट थोडक्यात अशी. पीटर क्विलला लहानपणी पृथ्वीवरून उचलून नेलेलं. बाप कोण ते माहीत नाही, म्हणून तो शाळेत डेव्हिड हॅसलहॉफ या अमेरिकन नटाचा फोटो दाखवून हाच माझा बाप म्हणून सांगायचा. आता खरा बाप सापडतो, इगो. हा माणूस नव्हेच, अख्खा एक ग्रह आहे. कर्ट रसेलने त्याला इतकं लाघवी केलंय की आपणही फसतो. तो पीटरला हातात निळ्या उजेडाचा गोळा तयार करायला शिकवतो आणि बापलेक तो गोळा एकमेकांकडे टाकत कॅच-कॅच खेळतात. पस्तिशीकडे आलेला गडी, पण चेहऱ्यावर आठ वर्षांच्या पोराचा आनंद. आणि याच बापाच्या तोंडून पुढे सहज निघून जातं, की तुझ्या आईच्या डोक्यात ती गाठ मीच ठेवली. पीटर विचार करायला थांबत नाही, बंदुका काढून थेट गोळ्या झाडतो.

दुसरा बाप योंडू. अंतराळातल्या लुटारूंचा म्होरक्या, निळा, दात किडके, पोराला उचलून नेणारा हाच. 'माझी माणसं तुला खाणार होती, मी वाचवलं' हे त्याने पीटरला जन्मभर ऐकवलंय. त्याने शीळ घातली की बाण सुटतो.

माझ्या मामांचं कराडला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. मी सात वर्षांचा असताना आईने मला त्यांच्याकडे ठेवलं. 'फुकट खाणारं तोंड कुणाला पायजे? बहिणीच्या जिवाला घोर नको म्हणून ठेवलाय तुला,' हे मी रोज ऐकायचो. दर जूनला मला एक नंबर मोठा नवा बूट यायचा. मामा स्वतःच्या चपलेला टायरचा तुकडा ठोकून वर्ष काढायचे. दिवेलागणीला दोन बोटं तोंडात घालून ते शीळ घालायचे आणि घाटावर खेळणारी सगळी पोरं मला सांगायची, 'जा, तुझा मामा बोलावतोय.' मायकेल रूकरने योंडू केलाय आणि त्याच्या प्रत्येक शिव्येखाली मला त्या बुटांचं खोकं दिसत होतं.

सगळ्यात चांगला प्रसंग योंडू आणि रॉकेटचा. जो जीव लावतो त्यालाच तू बोचकारतोस, मी तुला ओळखतो कारण तू म्हणजे मीच, असं योंडू त्याला तोंडावर सांगतो. नेब्युला आणि गमोरा या बहिणींचंही असंच. गमोराकडून हरली की दर वेळी नेब्युलाच्या शरीराचा एक भाग काढून तिथे यंत्र बसवलं गेलं. तिला जिंकायचं नव्हतं, बहीण हवी होती.

दोष आहेत. इगोच्या ग्रहावर सिनेमा रेंगाळतो. टोळीच्या मागे लागलेल्या सोनेरी लोकांची विमानं दुरून चालवलेली, आत कोणीच नाही, त्यामुळे त्या लढाईत जीव अडकत नाही. टोळीतला ड्रॅक्स इगोची मदतनीस मँटिस हिला कुरूप म्हणत राहतो ते दोनदा चाललं असतं, पुढे टोचतं. आणि योंडू आपल्या बंडखोर माणसांना एका बाणाने लोळवतो ते खुशालचेंडू गाण्यावर दाखवलंय. मला ते अजून पटलेलं नाही.

पण शेवट. रॉकेटकडे अंतराळ-सूट एकच उरलाय. तो योंडूच्या हातात देताना दोघांनाही पुढचं कळलेलं असतं, कोणी बोलत नाही. योंडू फुटत चाललेल्या इगोच्या ग्रहावरून पीटरला घेऊन वर झेपावतो, सूट त्याच्या अंगावर चढवतो, स्वतः उघडाच. कातडीवर बर्फ धरतो. तो पीटरच्या गालावर हात ठेवतो, हात तिथेच थिजतो. आयुष्यभर ज्याने या पोराला धमकावलं त्याचा तो हात. अंत्ययात्रेला पीटर सांगतो, की हॅसलहॉफ तर माझ्याजवळच होता. मग कॅट स्टीव्हन्सचं 'फादर अँड सन' सुरू होतं. मी दोन्ही वेळा रडलो.

नावं सुरू झाली म्हणून उठू नका, पुढे पाच छोटे तुकडे आहेत. पहिल्यात योंडूचा साथीदार क्रॅग्लिन त्याचा बाण चालवायला शिकतोय. शीळ नीट लागत नाही, बाण भलतीकडे जातो. पुतण्याने विचारलं, 'काका, तुला येते अशी शीळ?' मी दोन बोटं तोंडात घातली, नुसती हवा गेली. 'माझ्या मामांना यायची,' म्हटलं.