भिंतीतली रिंग की वरून सोडलेला प्रोब?

स्टार्चच्या स्लरी टाकीवर विद्युत रोधाची टोमोग्राफी (इलेक्ट्रोडमधून बारीक प्रवाह सोडून, मिळालेल्या व्होल्टेजवरून टाकीच्या आतलं चित्र काढायचं तंत्र) बसवायचं ठरलं, की पुढचा वाद इलेक्ट्रोड कुठे लावायचे याचा: टाकीच्या भिंतीत गोल रिंग करून, की वरून सोडलेल्या उभ्या दांडीवर, म्हणजे प्रोबवर. धुळ्याकडे मक्याच्या स्टार्चच्या कामात मी दोन्ही प्रकार हाताळलेत. मत थोडं एका बाजूला झुकलेलं वाटलं तर समजून घ्या.

चित्र रिंगचंच देखणं. 16 इलेक्ट्रोडच्या एका रिंगमधून 104 स्वतंत्र मोजमापं निघतात आणि त्या पातळीचा आडवा छेद पडद्यावर येतो. बाजूने सोडलेलं ॲसिड भिंतीलगत रेंगाळतंय का, हे बघायचं असेल तर रिंगच घ्या. पण तिला दिसतं ते तिच्या उंचीवरचंच. तीन पातळ्या हव्यात तर 48 भोकं, प्रत्येकाला गॅस्केट. टाकी स्टीलची असली तर प्रत्येक इलेक्ट्रोड भिंतीपासून इन्सुलेट करा, ते वेगळंच.

तेवढं चालवून घेतलं असतं. मला वैताग आणला तो इलेक्ट्रोडवर बसणाऱ्या थराने. चार इलेक्ट्रोडच्या मोजणीत (दोघांतून प्रवाह, दुसऱ्या दोघांवर व्होल्टेज) संपर्काचा रोध बराचसा कटतो, हे खरं. पण स्टार्चचं जाड पुट बसलं की चित्र बिघडतंच. भिंतीशी गाळ साचल्यासारखं दिसतं आणि ॲजिटेटर (ढवळणारा पंखा) तर मजेत फिरत असतो. ऑपरेटर एकदा धावतो, दोनदा धावतो, मग पडद्याकडे बघणंच सोडतो. खात्री करायची तर टाकी रिकामी करा, आत माणूस उतरवा, तोवर लाइन थांबलेली.

प्रोबवर थर बसला तर तो वर ओढा, पाण्याने धुवा, परत सोडा. शिवाय स्टार्चचा खरा धोका तळाला बसण्याचा, आणि उभ्या प्रोबवर तळाचा गाळ कुठपर्यंत चढला ते दिसतं. दांडीपासून लांबचं मात्र त्याला फारसं कळत नाही, आणि खालचं टोक बांधलं नाही तर प्रवाहात हलतो.

तापमानाचं दुखणं दोघांनाही आहे. अंशामागे वाहकता साधारण 2 टक्के वाढते, त्यामुळे मे महिन्यात सकाळी घेतलेला रेफरन्स (तुलनेसाठीचं मूळ मोजमाप) दुपारी कामाचा नसतो.

तुमची टाकी कशी आहे त्यावर बरंच ठरेल, पण मला विचाराल तर प्रोब. फक्त तो पूर्ण वर ओढायला टाकीच्या डोक्यावर उंची आहे का, ते आधी मोजा. आमच्याकडे शेडचा पत्रा आडवा आला होता.