समुद्री टाकीतील बुळबुळीत थर आणि शाळकरी सूक्ष्मदर्शक
दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी प्रवाळांच्या खाऱ्या टाकीत पसरलेला, बुडबुडे धरून ठेवणारा तपकिरी थर ओळखू शकेल असा जाणकार जवळपास नसल्याने 400 पट मोठे दाखवणारा हा शाळकरी सूक्ष्मदर्शक मागवला, आणि निदानापुरता तो पुरेसा ठरला. असा थर धरू शकणाऱ्या जीवांपैकी सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर जगणारे जिवाणू) त्यात तंतूंच्या जाळ्यासारखे दिसतात व डायटमची (एकपेशीय शैवालाची) कवचे रेखीव. आमच्या थेंबात मात्र एका टोकाभोवती गरगर फिरणारे डायनोफ्लॅजेलेट (चाबकासारख्या शेपट्यांनी हालणारे एकपेशीय जीव) होते. नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषके शून्याला टेकलेल्या टाकीत ते बहुधा फोफावतात, त्यामुळे ही पोषके कमी करण्यासाठी सतत पाणी बदलण्याचा सर्रास मिळणारा सल्ला येथे उलटा पडू शकतो. सूक्ष्मदर्शकात प्रकाशासाठी दिलेला आरसा कुचकामी आहे. भारनियमन लक्षात घेता बॅटरीवरील दिवा असलेलेच मॉडेल घ्यावे.